आधी परीक्षा की आधी नोकरी? बाबासाहेबांची दहा वर्षं

कोरपना, गडचांदूर, राजुरा या आपल्या भागात कॉमर्स घेणाऱ्या मुली आता कितीतरी आहेत. बारावी होते, बी. कॉम. होतं आणि मग घराघरात एकच विषय निघतो. सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा आत्ताच द्यायची, की आधी कुठंतरी नोकरी धरायची? सिमेंट कारखान्याच्या ठेकेदाराकडे, जिनिंगमध्ये, नाहीतर एखाद्या कर सल्लागाराकडे टॅली आणि जीएसटीचं काम मिळतं. महिन्याला हातात पैसे येतात. परीक्षेचं मात्र काही सांगता येत नाही. एकदा बसलं, पुन्हा बसलं, वर्षं जातात. तोवर लग्नाचं वय निघून जाईल अशी आईची काळजी, आणि कापसाला भाव मिळाला नाही तर फी कुठून भरायची अशी वडिलांची.

मैत्रिणींनो, हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी एका माणसासमोर तो असाच, किंबहुना याहून कितीतरी कठीण होऊन उभा होता. त्या माणसाचं नाव आपल्या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्याला आले आणि इथल्या हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला त्यांचं दिल्लीत निधन झालं. घटना लिहिणारे, दीक्षा देणारे बाबासाहेब आपल्याला ठाऊक असतात. पण घर चालवायचंय, हातात पैसा नाही आणि परीक्षा अर्धवट राहिलीय, असे तिशीतले बाबासाहेब फारसे कुणी सांगत नाही. आज त्यांच्याबद्दल.

बहिणींचे दागिने आणि एक खोली

भीमराव १४ एप्रिल १८९१ ला महू इथं जन्मले. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. आई भीमाबाई लवकर गेल्या आणि आत्या मीराबाईंनी लेकरांना सांभाळलं. पुढं कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहायला आलं. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथंच झोपणं आणि तिथंच अभ्यास. वडील पहाटे दोनला उठून मुलाला जागं करायचे, कारण तेवढ्याच वेळी खोलीत शांतता असायची.

पुस्तकांना पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. त्यांच्याकडून उसने घ्यायचे, नाहीतर एखादा दागिना घेऊन गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. त्या बहिणी स्वतः शाळेच्या फार पुढं गेल्या नाहीत. पण भावाच्या शिक्षणात त्यांच्या अंगावरचं सोनं लागलं, हे विसरून चालणार नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. शाळेच्या त्या वर्षांतच, तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांचं लग्नही झालं. रमाबाई त्या वेळी जेमतेम नऊ-दहा वर्षांच्या होत्या. कॉलेजची फी झेपेना, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची मदत मिळाली. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुलगा यशवंत जन्मला.

हातची नोकरी आणि परदेशचं बोलावणं

बी. ए. झालेला तरुण, घरात बायको आणि तान्हं बाळ, वडील थकलेले. अशा वेळी कुणीही सांगेल ते त्यांनी केलं. जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानात नोकरी धरली. पण काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. घरातला कमावता आधार संपला. आता नोकरीच घट्ट धरायची, हाच व्यवहार होता.

नेमकं त्याच वर्षी सयाजीरावांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी असा करार. म्हणजे आधी शिक्षण आणि मग नोकरी, दोन्ही एकाच कागदावर बांधलेलं. भीमरावांनी सही केली आणि १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथं १९१५ मध्ये एम. ए. झालं. पीएच. डी.साठीचा प्रबंधही तयार झाला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. अर्थशास्त्रानं ज्ञान मिळणार होतं आणि बॅरिस्टरीनं स्वतंत्र पोट भरता येणार होतं. दुसऱ्याच्या हाताखाली न राहता जगता येईल अशी परीक्षा, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

अर्ध्यावर सुटलेली परीक्षा

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत बोलावणं आलं. बॅरिस्टरी अर्धी, लंडनची पदवी अर्धी. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. त्यांची पुस्तकं ज्या बोटीनं निघाली ती बोटही बुडाली. आणखी काही दिवस कसंबसं रेटू असं न करता ते मायदेशी परतले.

पण निघण्याआधी एक गोष्ट त्यांनी केली, ती प्रत्येक मुलीनं लक्षात ठेवावी अशी आहे. अभ्यासक्रम सोडला असं न म्हणता त्यांनी विद्यापीठाकडून रीतसर परवानगी घेतली. चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेलं पूर्ण करता येईल, अशी. परीक्षा थांबली, पण तिचा दरवाजा बंद झाला नाही. आणि थांबण्याला तारखेची मर्यादा पडली.

करारानुसार ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला रुजू झाले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक. पद मोठं, पण गावात राहायला कुणी खोली देईना. शेवटी नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि सामान उचलायला लावलं. बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. कोलंबियात शिकून आलेला माणूस, पण जातीपुढं पदवी कामाला आली नाही.

मुंबईत शिकवण्या धरल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी कचेरी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं. इथं कुणीही म्हटलं असतं, झालं तेवढं पुरे, आता परीक्षेचं नाव नको.

पगारातून साठवलेली परीक्षा

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. सिडनहॅम हे व्यापार शिक्षणाचं कॉलेज. आज आपण ज्याला बी. कॉम. म्हणतो ते शिकणारी मुलं त्यांच्यासमोर बसायची. पगार महिना साडेचारशे रुपये, त्या काळी भरपूर. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केलीच.

हा पगार आल्यावर मोठं घर घेता आलं असतं. ते चाळीतच राहिले. घरखर्चाला बेताचे पैसे द्यायचे आणि बाकीचे बाजूला टाकायचे, असा नेम ठेवला. नोकरी ही परीक्षेच्या जागी आली नव्हती, ती परीक्षेसाठी होती. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' पाक्षिक सुरू झालं, सार्वजनिक काम वाढत होतं, तरी ठरलेली मुदत त्यांनी चुकवली नाही. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपयांचं कर्ज, असं गाठीला बांधून जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले. चार वर्षांची मुदत अजून संपली नव्हती.

या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. जे काही होतं ते मोजूनमापून. सकाळी ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय उघडलं की आत आणि बंद होईपर्यंत तिथंच. जेवणाला काटकसर इतकी, की रात्री भूक लागली तर मित्रानं दिलेल्या पापडावर भागवायचं. १९२१ मध्ये एम. एस्सी. झालं, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी.चा प्रबंध दिला, तेव्हा परीक्षकांनी तो बदलून आणायला सांगितला. तोवर पैसे संपले होते.

पुन्हा तोच प्रसंग. पण एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले आणि प्रबंध इथंच बसून दुरुस्त करून पाठवला. त्याच वर्षी डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाच्या पीएच. डी.ला तर याहून उशीर झाला. प्रबंध छापून त्याच्या प्रती द्यायच्या होत्या. तो १९२५ मध्ये पुस्तकरूपानं निघाला आणि पदवी हातात आली १९२७ मध्ये, म्हणजे कोलंबिया सोडल्यावर अकरा वर्षांनी.

रमाबाईंचा हिशेब

आता या सगळ्याची दुसरी बाजू. ही दहा वर्षं घरात कोण होतं?

रमाबाई होत्या. नवरा साता समुद्रापलीकडे आणि इथं चाळीतली खोली, लेकरं, नातेवाईक, रोजचा तेल-मिठाचा खर्च. त्यांनी गोवऱ्या थापून घर चालवलं असं सांगतात. नवऱ्याच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला त्यांनी हात लावला नाही. पाच लेकरं झाली, त्यातली चार हाताशी आली नाहीत. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला, तेव्हा तर बाबासाहेब घरी होते, पदव्या हातात होत्या, तरीही तो वाचला नाही. एकटा यशवंत जगला. दादरच्या राजगृहात जरा बरे दिवस आले, पण फार काळ नाही. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. वय चाळिशीलाही पोचलं नव्हतं.

म्हणून बाबासाहेबांच्या पदव्या मोजताना हाही हिशेब मांडायला हवा. पुढं ढकललेल्या परीक्षेची किंमत कुणीतरी भरत असतं. इथं ती रमाबाईंनी भरली, आधी बहिणींनी भरली होती.

कोर्टाचं काम आणि हिशेबाचा वर्ग

बॅरिस्टर झाले म्हणून दारात रांग लागली असं नाही. वकिलीची सनद घ्यायलाही भथेनांचीच मदत लागली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटले देणारे कमी आणि आलेले बहुतेक गरीब. मग पोटासाठी काय केलं? जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या मुलांना करार, भागीदारी यांचे कायदे शिकवणारे मास्तर बाबासाहेब होते, हे आपल्या किती कॉमर्सच्या मुलींना ठाऊक आहे? कॉर्पोरेट कायदा, व्यवसाय कायदा असे जे पेपर आज सीएला असतात, त्या वाटेवरचंच हे शिकवणं. याच वर्षांत, १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुढं १९२८ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि १९३५ मध्ये तिथले प्राचार्य झाले.

मद्रासची शिवभोगम

आता कुणी म्हणेल, ते पुरुष होते, ते बाबासाहेब होते. मग एका बाईचं उदाहरण घ्या. मद्रासच्या आर. शिवभोगम या आपल्या देशातल्या पहिल्या महिला चार्टर्ड अकाउंटंट. जन्म १९०७ चा. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. बाहेर आल्यावर त्यांनी हिशेबशास्त्राची सरकारी पदविका घ्यायचं ठरवलं आणि १९३३ मध्ये ती मिळवली. त्यात एक अडचण होती. तुरुंगात गेलेल्या माणसाला हिशेबनीस म्हणून नोंदणी मिळू नये असा त्या वेळचा नियम. त्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, जिंकल्या, आणि १९३७ पासून स्वतःच्या नावानं काम सुरू केलं. त्यांचीही वाट मध्येच अडली होती. त्यांनी ती तिथंच सोडली नाही.

आपल्या मुलींसाठी

आता आपल्या घरातलं गणित मांडू या. सीएच्या २०२३ पासूनच्या योजनेत बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, मग दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि त्यानंतर सहा महिन्यांनी फायनल अशी वाट आहे. सगळं पहिल्या वेळी जमलं, तर साधारण साडेतीन वर्षं. बी. कॉम.ला ५५ टक्के असतील, तर फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता येतं, आणि मग तिथून तीन वर्षांहून थोडं जास्त लागतं. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपला एकूण ५० टक्के हवेत. नियम बदलत राहतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी इन्स्टिट्यूटचं ताजं पत्रक वाचावंच.

यातली खरी अडचण आर्टिकलशिपची. ती सीएच्या कचेरीतच करावी लागते, म्हणजे कोरपन्याच्या मुलीला चंद्रपूर किंवा नागपूरला राहावं लागणार. विद्यावेतन मिळतं, पण खोलीभाडं आणि डबा त्यात भागेलच असं नाही. आणि त्या दोन वर्षांत दुसरी पूर्णवेळ नोकरी करता येत नाही. म्हणून पैसे आणि वेळ यांचा विचार आर्टिकलशिप सुरू होण्याआधी व्हायला हवा, नंतर नाही.

घरची स्थिती बरी असेल तर उशीर करू नये, डिग्री आणि परीक्षा बरोबरच चालू द्याव्यात. पैशाची अडचण असेल, तर आधी नोकरी करण्यात काहीच कमीपणा नाही. बाबासाहेबांनीही केली. पण त्या नोकरीला मुदत हवी. किती महिने, किती रुपये साठवायचे आणि कोणत्या महिन्याच्या परीक्षेला बसायचं, हे वहीत लिहून ठेवावं आणि घरात सगळ्यांना सांगावं. नाहीतर दोन वर्षांची नोकरी दहा वर्षांची कधी होते, कळतही नाही. एखादा ग्रुप राहिला तर रजिस्ट्रेशन जिवंत ठेवावं. नोकरीही शक्यतो हिशेबाचीच धरावी, म्हणजे अभ्यास हाताखालून जात राहतो. कॉस्ट अकाउंटंटची वाटही विचारात घ्यावी. आपल्या भागात सिमेंटचे कारखाने आहेत, उत्पादन खर्चाचे हिशेब तिथं लागतातच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्यांसाठी. बाबासाहेब ग्रंथालयात बसले तेव्हा घर रमाबाईंनी धरलं होतं. आपली लेक अभ्यासाला बसते तेव्हा बहुतेक वेळा घरही तिनंच धरलेलं असतं. सकाळचं पाणी, भाकरी, धाकट्याची शाळा, आजीची औषधं, वेचणीच्या दिवसात शेतातली फेरी. हे सगळं करून रात्री तिनं पुस्तक उघडायचं आणि पेपर राहिला की तिलाच बोल लावायचा. सून असेल तर विचारायलाच नको. एकीनं दोघांचं काम करायचं आणि निकाल मात्र एकाचाच मागायचा, हे बरोबर नाही.

तेव्हा मुलीनं परीक्षा कधी द्यावी, हे ठरवायला बसाल त्या दिवशी आणखी एक गोष्ट ठरवा. त्या वर्षात तिच्या वाट्याची कामं कोण करणार? भाऊ पाणी भरेल का, वडील चहा करतील का, नवरा मुलाला शाळेत सोडेल का, सासूबाई संध्याकाळचा स्वयंपाक बघतील का? नावं घेऊन ठरवा. परीक्षेच्या फॉर्मवर सही तिची एकटीची असते, पण ती पास व्हावी असं वाटत असेल, तर हे दुसरं ठरवणं घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे.